कानात मेणाचे बोळे: ओरोपॅक्स क्लासिक कुठे कामाचं, कुठे नाही

जर्मनीत नव्यानं आलेल्या मराठी मंडळींचा एक ठरलेला प्रश्न असतो: इथे एवढं शांत आहे, मग रात्री झोप का लागत नाही? छताकडे बघा, तिथे पंखा नाही. आपल्याकडे डोक्यावरचा पंखा वाऱ्यासाठी असतो हे खरं, पण त्याची घरघर रात्रभर बाकीच्या आवाजांवर पांघरूणही घालत असते. सोसायटीचा पाण्याचा पंप, वॉचमनची काठी, कुत्र्यांची भांडणं, लांबची रेल्वे, सगळं त्या घरघरीत मुरून जातं. इथे खिडक्या दुहेरी काचेच्या, दहानंतर रस्ता निपचित, आणि त्या शांततेत फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला तरी दचकायला होतं. वरच्या मजल्यावरची टाच, हीटरच्या पाइपातली टकटक, चर्चच्या घड्याळाचे पाव-पाव तासाचे टोल, वळणावरच्या ट्रामची किंचाळी: एकेक आवाज सुटा, सोलून काढल्यासारखा कानावर येतो.

मग ऑफिसातलं कुणीतरी सांगतं, 'ओरोपॅक्स घे.' आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं जर्मन माणूस कुठल्याही कंपनीच्या कानातल्या बोळ्यांना ओरोपॅक्सच म्हणतो. त्यामुळे दुकानात गेल्यावर पहिला घोटाळा इथेच होतो. शेल्फवर मेणाचे, फोमचे, सिलिकॉनचे असे अनेक प्रकार असतात, आणि गडबडीत भलतीच डबी हातात येते. हे परीक्षण त्यातल्या मूळ वस्तूचं, म्हणजे मेणाच्या 'ओरोपॅक्स क्लासिक'चं आहे. बाकीचे प्रकार तुलनेपुरते घेतले आहेत.

माक्स नेग्वेर नावाच्या औषधविक्रेत्यानं १९०७ मध्ये बर्लिनमध्ये हे बोळे बनवायला सुरुवात केली. 'ओर' म्हणजे जर्मनमध्ये कान, 'पाक्स' म्हणजे लॅटिनमध्ये शांती. पहिल्या महायुद्धात जर्मन सैनिकांमुळे त्यांचा खप वाढला. आवाजानं बेजार झालेला लेखक फ्रान्झ काफ्का प्रागमध्ये बसून बर्लिनहून हे बोळे मागवत असे. आज कंपनी फ्रँकफुर्टच्या उत्तरेला वेअरहाइम या गावात आहे. वस्तूत मात्र फारसा फरक पडलेला नाही: पॅराफिन मेण, व्हॅसलीन आणि कापसाचे तंतू. मेणामुळे आकार टिकतो, व्हॅसलीनमुळे ते बोटांच्या उबेनं मऊ होतं आणि तंतूंमुळे गोळी तुटत नाही. नुसता कापूस का नको, असं कुणी विचारेल. कापूस सच्छिद्र असतो, त्यातून हवा जाते, आणि जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो. आजीनं कानात घातलेला कापसाचा बोळा थंडी अडवायचा, आवाज जेमतेमच.

डबीवर २७ डेसिबल असा आकडा असतो, म्हणजे बोळा आवाज एवढ्यानं कमी करतो. दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, या हिशेबानं २७ पुष्कळ झाले. पण तो आकडा प्रयोगशाळेतला, नीट बसवलेल्या बोळ्याचा. जर्मनीत कामगारांच्या कानांच्या संरक्षणाचा हिशेब करताना, वापरण्याआधी बोटांनी आकार द्यावा लागणाऱ्या बोळ्यांच्या छापील आकड्यातून ९ डेसिबल वजा धरतात, कारण माणसं ते नीट बसवत नाहीत. घरी झोपताना तुम्हीही तसंच धरा. १८ डेसिबल हातात पडले तर बोळ्यानं आपलं काम केलं असं समजावं.

त्याहून मोठी गोष्ट डबीवर लिहिलेली नसते. हे २७ डेसिबल सगळ्या आवाजांना सारखे लागू पडत नाहीत. उंच पट्टीचा आवाज बोळा चांगला अडवतो, जाड, खालच्या पट्टीचा कमी अडवतो. घंटा, माणसांचं बोलणं, ट्रामची किंचाळी, पक्षी, बाटल्यांचा खणखणाट यांच्यासाठी मेणाचा बोळा उत्तम. वरच्या मजल्यावरच्या पावलांसाठी मात्र बराच कमजोर. जर्मन लोक त्या आवाजाला ट्रिटशाल म्हणतात, आणि जुन्या इमारतीत राहणाऱ्यांची मुख्य तक्रार हीच असते.

पाऊल आपटल्यावर लाकडी वाशांची जमीन ढोलाच्या चामड्यासारखी हलते. तो धक्का भिंतीतून खाली उतरतो, तुमच्या खोलीची भिंत आणि छत स्वतःच आवाज करू लागतात, आणि काही भाग पलंगाच्या पायांतून थेट शरीरात येतो. या आवाजाचा मुख्य भाग शंभर हर्ट्‌झच्या आसपास आणि त्याखाली असतो. नव्या इमारतीत काँक्रीटच्या स्लॅबवर वेगळा, तरंगता थर ओततात, त्यामुळे धक्का वरच थांबतो. शंभर वर्षांपूर्वीच्या आल्टबाउमध्ये, म्हणजे जुन्या इमारतीत, तसं काही नसतं, आणि घरमालकानं ते आजच्या मापाचं करून द्यावं अशी सक्तीही सहसा नसते. उंच छत, नक्षीचं स्टुको, लाकडी फळ्यांची जमीन पाहून घर आवडतं, पण त्या फळ्या वरच्या घरातही आहेत हे भाडेकरारावर सही करताना लक्षात येत नाही.

अशा घरात कानात बोळे घातले की काय होतं, ते ध्यानात घ्यायला हवं. घंटा गेली, ट्राम गेली, शेजारचं बोलणं गेलं. उरलं फक्त 'धप्प... धप्प'. आजूबाजूचं सगळं पुसल्यामुळे ते आधीपेक्षा जास्त टोचतं. 'बोळे घालूनही उपयोग नाही' ही तक्रार बहुतेक वेळा या प्रकारची असते. यात वस्तू खराब नसते, आवाज वेगळ्या जातीचा असतो. म्हणून डबी घेण्याआधी दोन-तीन रात्री नुसतं ऐका आणि झोप मोडणारा आवाज कोणता ते कागदावर लिहून काढा. टणटणीत असेल तर मेण घ्या. धप्प असेल तर पंखा घ्या.

पंखा म्हणजे साधा टेबल फॅन, सर्वांत कमी वेगावर, पलंगापासून लांब, तोंड भिंतीकडे करून. वारा अंगावर नको, फक्त सळसळ हवी. तो जमिनीवर ठेवू नका, नाहीतर खालच्या शेजाऱ्याला त्याची घूंऽऽ ऐकू जाईल. खुर्चीवर, दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा. पावलांचा आवाज जिथे शांततेतून अचानक वर उसळतो तिथेच तो जागं करतो; खाली सळसळीची पातळी असली तर उसळी कमी वाटते. मोबाइलवर पावसाचा किंवा समुद्राचा आवाज लावणारेही असतात, पण फोनच्या छोट्या स्पीकरमधून खालच्या पट्टीचा आवाज निघतच नाही, त्यामुळे तो धपधप झाकू शकत नाही. खरा पंखा बरा. बोळे आणि पंखा दोन्ही एकदम वापरून फायदा फार होत नाही, कारण बोळा पंख्याची सळसळही अडवतो.

आता मेणाचा बोळा बसवायचा कसा, हे सविस्तर, कारण निम्म्या तक्रारी इथून निघतात.

गोळी डबीत कापसात गुंडाळलेली असते. तो बाहेरचा कापूस पूर्ण काढायचा. बरेच जण तो तसाच ठेवतात, त्यांना वाटतं ते वेष्टन कानासाठीच आहे. एखादा धागाही कानाच्या कडेला अडकला तर फट राहते, आणि रात्रभर खाज येते ती वेगळी. हात धुऊन कोरडे करा. हिवाळ्यात बेडरूम १७-१८ अंशांवर असते, तेव्हा मेण दगडासारखं असतं. मुठीत मिनिटभर धरा, मग अंगठा आणि दोन बोटांत कणकेचा उंडा मळतो तसं मळा. मळताना त्याच्यावरच्या रेघा जाऊन ते एकसारखं, थोडं चमकदार दिसू लागलं की तयार झालं. त्याचा बुटका शंकू करा. मग विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची कड वर आणि मागे ओढा. यानं कानाची वाकडी नळी सरळ होते. शंकूचं टोक कानाच्या तोंडाशी ठेवा आणि आत खुपसण्याऐवजी अंगठ्यानं कडेला पसरवत दाबा, पुरणपोळीची कडा बंद करतो तसं. मेण कानाच्या कडेला सगळीकडून चिकटलं पाहिजे, आणि बाहेर चिमटीत धरता येईल एवढं टोक राहिलं पाहिजे.

बसलं की नाही ते तपासायचा सोपा उपाय आहे. दोन्ही कानांत बोळे घालून हाताचे तळवे कानांवर घट्ट दाबा आणि काढा. आवाजात मोठा फरक पडला तर कुठेतरी फट आहे. फारसा फरक पडला नाही तर बोळा बसलाय.

एक गोळी अनेकांना मोठी होते. कान लहान असेल तर सगळं मेण कोंबू नका, पाव भाग चिमटीनं तोडून बाजूला ठेवा. फोमच्या बोळ्याला ही सोय नाही, तो कापला की त्याची कडा खरखरीत होते आणि फुगणं बिघडतं. मेणाचा हा मोठाच फायदा, आणि लहान कानांच्या बायकांना फोम दुखतो तेव्हा मेणाकडे वळायचं कारणही बहुधा हेच.

काढताना घाई नको. हवाबंद बोळा सर्रकन ओढला तर कानाच्या पडद्यावर ताण येतो. टोक धरून हळू पिळा, आधी फट पडू द्या, मग बाहेर घ्या. मेणाचा तुकडा आत राहिलाच तर काडी, पिन, कानकोरणं काहीही घालू नका. इथल्या कान-नाक-घसा डॉक्टरांना एचएनओ म्हणतात, त्यांच्याकडे जा. मेण धुता येत नाही, पाणी लागलं तर ते चिकटत नाही. एक जोडी तीन-चार रात्री बरी चालते; मग त्यावर धूळ आणि केस बसतात, मेण मळकट आणि कडक होतं, तेव्हा टाकून द्या. बारा गोळ्यांच्या डबीत सहा जोड्या, म्हणजे रोज वापरलं तर साधारण तीन आठवडे. आपोथेके म्हणजे औषधाच्या दुकानात मिळतेच, पण डीएम, रॉसमानसारख्या दुकानांत स्वस्त पडते.

दोष सांगायला हवेत. पहिला, तेलकटपणा. उशीच्या अभ्र्यावर डाग पडतात, लांब केसांना मेण लागतं आणि शाम्पूनं सहज जात नाही. केस बांधून झोपा आणि जुना अभ्रा वापरा. दुसरा, उन्हाळा. जर्मनीत घरांना बहुधा एसी नसतो, आणि छपराखालच्या घरात जुलैत तीस अंशांच्या वर तापमान जातं. मेण पाघळून बोटांना चिकटतं. डबी फ्रीजच्या दारात ठेवा. हेच कारण सुट्टीत भारतात जाताना हे बोळे न नेण्याचं. एप्रिल-मेच्या विदर्भात किंवा पुण्यात बॅगेतली डबी तुपासारखी होते. प्रवासासाठी फोमच न्या. तिसरा, कानात आपलाच आवाज घुमतो. श्वास, गिळणं, हृदयाचे ठोके मोठे ऐकू येतात, कारण हाडांतून कानाच्या नळीत आलेला आवाज बाहेर पडायला जागा नसते. बोळा जितका वरवर बसलेला, तितकं घुमणं जास्त, आणि मेण तर वरवरच बसतं. बऱ्याच जणांना आठवडाभरात याची सवय होते. काहींना होत नाही. कानात आधीच शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तो शांततेत वाढल्यासारखा वाटतो. त्यांनी बोळ्यांऐवजी पंखाच घ्यावा.

फोमची गोष्ट उलटी. तो खोल जातो, म्हणून घुमणं कमी आणि रोखणं जास्त. बाजारात ३एम कंपनीचा ११०० हा केशरी बोळा ३७ डेसिबलचा म्हणून विकला जातो. पण हे ३७ मिळवायला तो बोटांत एकही सुरकुती न पडता उदबत्तीसारखा बारीक वळावा लागतो, कान वर ओढून निम्म्याहून जास्त आत घालावा लागतो, आणि फुगेपर्यंत तीसेक सेकंद बोटानं धरून ठेवावा लागतो. थंडीत फोम हळू फुगतो, तेव्हा आणखी थोडा वेळ. हे नीट न करता बाहेरच लोंबत राहिलेला फोम मेणापेक्षा वाईट. रोज दोन मिनिटं शांतपणे देणार असाल तर फोम जास्त ताकदीचा. रात्री झोपेत, अंधारात, चाचपडत बसवायचा असेल तर मेण. पसरून चिकटणारं सिलिकॉन पोहायला चांगलं, पण केस ओढतं. नॉइज कॅन्सलिंगचे इअरबड एकसारखी घरघर छान मारतात, विमानात किंवा आयसीई या वेगवान रेल्वेत त्यांना तोड नाही. अचानक येणारी धपधप मात्र त्यांना पकडता येत नाही, आणि कुशीवर झोपणाऱ्याचा कान सकाळी दुखतो. हॉरअकुस्टिकर म्हणजे श्रवणयंत्रं बसवणाऱ्याकडे जाऊन कानाचा साचा घेऊन करवलेले बोळे सर्वांत आरामाचे, पण किमतीत डझनावारी मेणाच्या डब्या येतात. दोन-तीन वर्षं त्याच घरात राहायचं पक्कं असेल तरच तिकडे वळा.

खिडकीचा विचार बोळ्यांच्या आधी करावा. जर्मन खिडकी तीन तऱ्हांनी राहते: बंद, पूर्ण उघडी, आणि वरून तिरकी. बंद असताना चांगली खिडकी तीस डेसिबलच्या वर आवाज अडवते. तिरकी केली की ते पंधराच्या आसपास येतं. म्हणजे उन्हाळ्यात रात्री खिडकी तिरकी ठेवून झोपलं तर काचेची अर्धी ताकद गेली, आणि पहाटेपासून पक्षी, डिलिव्हरीची गाडी, चर्चची सकाळची घंटा आत. मेणाच्या बोळ्याचं सर्वांत चोख काम इथे: खिडकी तिरकी, कानात मेण. हिवाळ्यात खिडकी बंद असताना अनेकांना त्याची गरजही पडत नाही. झोपायच्या आधी खिडक्या पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडून हवा बदलून घेतली तर रात्री तिरकी ठेवायची वेळही कमी येते. खिडकी बंद असूनही रस्ता स्पष्ट ऐकू येत असेल तर कडेच्या रबराच्या पट्टीकडे बघा. चौकटीत कागद धरून खिडकी बंद करा. कागद सहज निघाला तर पट्टी गेली आहे, ती बदलून द्यायला घरमालकाला सांगता येतं.

कायद्याचं चित्रही माहीत असावं, म्हणजे कुठला आवाज सोसायचा आणि कुठला नाही ते कळतं. रात्री १० ते सकाळी ६ नाख्टरूहे, म्हणजे रात्रीची शांतता. रविवार आणि सणाच्या सुट्ट्या दिवसभर शांत. दुपारी १ ते ३ ची विश्रांती काही घरांच्या हाउसऑर्डनुंगमध्ये, म्हणजे इमारतीच्या नियमावलीत, असते, सगळीकडे नाही. निवासी भागात पानं उडवणारं यंत्र कामाच्या दिवशी ९ ते १ आणि ३ ते ५ एवढंच चालवायचं. गवत कापायचं यंत्र सोमवार ते शनिवार सकाळी ७ ते रात्री ८ पर्यंत. काचेच्या बाटल्यांच्या कंटेनरवर टाकायच्या वेळा लिहिलेल्या असतात, रविवारी टाकायच्या नाहीत. आकड्यांत बघितलं तर आपल्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. जर्मनीत दुकानं, कारखाने, यंत्रणा यांच्या आवाजाला साध्या निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४०. कागदावर फरक पाचच डेसिबलचा. प्रत्यक्षात इथे ते पाळलं जातं. लहान मुलांचं रडणं आणि खेळणं मात्र सहसा सोसायचं असतं, त्यावर तक्रार टिकत नाही.

त्या शांततेत आपल्या घरातून जाणारा आवाजही तेवढाच सुटा ऐकू जातो, आणि तिथे बोळे शेजाऱ्याला घालावे लागू नयेत. स्वयंपाकघर हे मुख्य ठिकाण. मिक्सर ओट्यावर थेट ठेवला की ओटा आणि त्यामागची भिंत दोन्ही वाजतात. वॉशिंग मशीनखाली घालायच्या जाड रबरी मॅटचा तुकडा कापून खाली ठेवा, धपधप खूप कमी होते. भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. इडलीचं पीठ रात्री साडेदहाला वाटायची सवय सोडावी लागते, आठच्या आत वाटून ठेवा. खलबत्ता ओट्यावर नको, दुमडलेल्या टॉवेलवर, आणि त्यातही रविवारी नको. कुकरची शिट्टी हा वेगळा विषय. इथल्या काचेच्या शेगडीची तबकडी बंद केल्यावरही तापलेली राहते, त्यामुळे बंद केल्यावरही दोन शिट्ट्या होतात. पहिली शिट्टी फुरफुरायला लागली की आच कमी करा आणि शेवटच्या शिट्टीच्या आधीच कुकर थंड तबकडीवर सरकवा. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या चिकटवा. केर लागला की त्या निघतात, म्हणून सहा महिन्यांनी बदला. चिकटवण्याआधी पाय स्पिरिटनं पुसले तर जास्त टिकतात. टाच टेकत चालायची सवय असेल तर घरात जाड तळाच्या सपाता. गणपतीत टाळ आणि घंटा वाजणारच. आरती आठच्या आत करा आणि दोन दिवस आधी जिन्यात एक कागद लावा: कोणत्या दिवशी, किती ते किती, आणि खाली नाव व फ्लॅटची बेल. जर्मन शेजारी अशा कागदाला मान देतात. मोदकाचं ताट घेऊन दार वाजवलं तर आणखी.

आता बोळ्यांबद्दलच्या काळजीच्या दोन-तीन गोष्टी. कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल, किंवा मुलाच्या कानात डॉक्टरांनी नळी बसवली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाही बोळा घालू नये. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती मेणाची गोळी लागू देऊ नका, ती गिळली तर घशात अडकते. रोज बोळे वापरणाऱ्यांच्या कानात मळ साचतो. सहा महिन्यांनी एकदा एचएनओकडून कान तपासून घ्यावेत. दिवसा बोळे घालून बसू नका. कानाला सतत कमी ऐकू येत राहिलं की मेंदू आपली आवाजाची पातळी चढवतो, आणि मग चमचा ताटात पडल्याचा आवाजही नकोसा वाटू लागतो. रात्रीच्या सात-आठ तासांपुरतेच घाला, आणि घर नवं असेल तर आठवड्यातल्या दोन रात्री बोळ्यांशिवाय झोपा. घराचे आवाज ओळखीचे होण्यासाठी ते ऐकावे लागतात. फ्रीज कधी सुरू होतो, हीटर कधी टकटकतो हे कळलं की दोन-तीन आठवड्यांत त्यातले बरेच आवाज जागं करायचे थांबतात.

धूर सूचकाची शंका अनेक जण काढतात. जर्मनीत बेडरूममध्ये तो सक्तीचा आहे, आणि प्रमाणानुसार तीन मीटरवर किमान ८५ डेसिबलचा. त्याच खोलीत असेल तर मेणातूनही बहुधा जाग येते. पण तो फक्त बाहेरच्या पॅसेजमध्ये असेल आणि बेडरूमचं दार बंद असेल तर भरवसा धरू नका. तो बेडरूममध्येही लावायला घरमालकाला सांगा. मिनिटा-मिनिटाला एक बारीक 'चीं' येत असेल तर ती त्याची संपत आलेली बॅटरी आहे. त्यावर मेण कानात घालू नका, बॅटरी बदला. अलार्मसाठी फोन उशीखाली कंपनावर ठेवला की काम होतं.

आमचं मत: चर्च, ट्राम, बोलणं, पक्षी, तिरकी खिडकी यांच्यासाठी ओरोपॅक्स क्लासिकला पाचात साडेचार. घोरणाऱ्या जोडीदारासाठी तीन, कारण घोरण्याचा जाड भाग आत येतोच. वरच्या मजल्याच्या पावलांसाठी दीड, आणि तिथे पैसे पंख्यावर घाला.

कुशीवर झोपणाऱ्यांना दोन बोळे लागतही नाहीत. उशीत दबलेला कान उशीनंच झाकलेला असतो, आणि त्यात बोळा घातला तर तो रात्रभर दुखतो. वरच्या कानात एकच घाला. घरात तान्हं मूल असेल किंवा रात्रीचा फोन घ्यावा लागत असेल तर मात्र हे करू नका: वरच्या कानात बोळा आणि खालचा कान उशीत दबलेला, अशा वेळी रडणं ऐकू येईलच असं नाही. डबीही दुप्पट दिवस पुरते.